चौदा जणींचा दुपारचा चहा, पणजीत: खाणं छान, चहा बेताचा, आणि बिलाचा पूर्ण हिशोब

आमचा फोंड्याकडचा फुगडी-भजनाचा गट आहे, चौदा जणींचा. जुलैमध्ये एका बुधवारी आम्ही सगळ्या पणजीला जाऊन मळा-फोंतेन भागातल्या एका जुन्या घरातल्या रेस्टॉरंटमध्ये 'आफ्टरनून टी' म्हणतात तो करून आलो, म्हणजे तो तीन मजली स्टँड, सँडविच, स्कोन, वरती गोड, सोबत किटलीतला चहा. गटाची खजिनदार मी, त्यामुळे पहिल्या फोनपासून शेवटच्या बिलापर्यंत सगळं माझ्याच हातून झालं, आणि म्हणून या रिव्ह्यूत खाण्यापेक्षा पैशांबद्दल जास्त आहे हे आधीच सांगते. जागेचं नाव लिहीत नाही. बिलात एक गोष्ट चुकीची लावली होती, आम्ही दाखवल्यावर त्यांनी काढून टाकली, मग आता नाव घेऊन कोणाच्या धंद्यावर पाय द्यायची माझी इच्छा नाही. पण गट घेऊन असं कुठे जायचं ठरवत असाल तर आमचे आकडे तुम्हाला नक्की उपयोगी पडतील.

आधी थोडं मागचं सांगते, नाहीतर आम्ही पैसे असे का ठरवले ते कळणार नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही किनाऱ्याजवळच्या एका हॉटेलात गेलो होतो. तेव्हा कोणीतरी व्हॉट्सअपवर फोटो टाकला, खाली 'बाराशे पर हेड' लिहिलं, पाच-सहा जणींनी अंगठे दिले आणि झालं, ठरलं. दोघी आल्या नाहीत. एकीने सासूबाईंना बरं नाही म्हणून सांगितलं, दुसरीने पाहुणे येणार म्हणून. मी वहीत 'गैरहजर २' लिहिलं आणि विसरले. मग चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, आधी फुगडीची प्रॅक्टिस चालली होती तेव्हा त्यातली एक पाणी प्यायला बाजूला बसली होती, सहज बोलता बोलता म्हणाली, बाराशे म्हणजे आमच्या घरातला आठवड्याचा बाजार गो, कसे देणार चहाला. एवढंच म्हणाली, तक्रार म्हणून नाही. मी घरी जाऊन वहीतलं ते पान काढून बघितलं. आमच्या गटात शिक्षिका आहेत, सरकारी ऑफिसातल्या आहेत, एकीचं शिवणकाम आहे, दोघी दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक करतात, एकीचा नवरा दीड वर्ष घरी आहे. भजनाला बसलं की सगळ्यांचा आवाज एकच लागतो, पण पाकीट प्रत्येकीचं वेगळं असतं आणि व्हॉट्सअप ग्रुपवर 'मला परवडत नाही' असं कोण लिहिणार? कोणीच नाही लिहिणार.

म्हणून या वेळी मी सगळ्यांना सारख्या कागदाच्या सारख्या चिठ्ठ्या दिल्या, एकच पेन फिरवलं, आणि सांगितलं की ज्याला घरी विचारावं लागणार नाही, ज्यासाठी दुसरं काही मागे ठेवावं लागणार नाही, एवढाच आकडा लिहा, नाव नको. चिठ्ठ्या हळदीकुंकवाच्या तबकात टाकल्या. उघडल्या तेव्हा सगळ्यात मोठा आकडा २,००० होता आणि सगळ्यात लहान ५००. कोणाचा ते मला माहीत नाही आणि मला कळायलाही नको आहे. सरासरी काढली असती तर हजाराच्या वर गेली असती, आणि पाचशेवाली परत पाहुण्यांचं कारण सांगून घरी राहिली असती. तर आम्ही सगळ्यांचे पाचशेच ठरवले. ज्यांनी दोन हजार लिहिले त्यांनाही पाचशेच. वरचे चारशे प्रत्येकी गटाच्या फंडातून, चवथीच्या दिवसांत कार्यक्रमांची जी बिदागी मिळते ती आम्ही वाटून घेत नाही, बँकेत ठेवतो, त्यातून. म्हणजे माणशी ९००, चौदा जणींचे १२,६००, यात प्रवासासकट सगळं बसवायचं होतं.

आता कोटेशन. मी तीन ठिकाणी फोन केले. पणजीतल्याच एका मोठ्या हॉटेलात ११०० सांगितले, पण तिथे टॅक्स १८ टक्के, म्हणजे १,२९८. हे टॅक्सचं नीट समजून घ्या, कारण ग्रुपमध्ये मोठा फरक पडतो. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के असतो, पण ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० च्या वर आहे तिथल्या रेस्टॉरंटमध्ये बसून खाल्लं तर १८ टक्के लागतो, तुम्ही खोली घेतली नाहीत, नुसता चहा प्यायलात तरी. अकराशेवर ५ टक्के म्हणजे ५५ आणि १८ टक्के म्हणजे १९८, चौदा जणींना दोन हजारांचा फरक नुसता टॅक्सचा. दुसऱ्या ठिकाणी 'हाय टी' म्हणून ३५० सांगितले, ऐकून मला आनंद झाला, पण नीट विचारलं तेव्हा कळलं की ते मीटिंगवाल्यांसाठी असतं तसं बुफे, समोसा, सँडविच, एक केकचा तुकडा आणि थर्मासमधला चहा, आणि कमीत कमी पंचवीस माणसं हवीत. आपल्याकडे हॉटेलवाले दोन्ही शब्द कसेही वापरतात, खरं तर इंग्लंडमध्ये 'हाय टी' म्हणजे कामगारांच्या घरचं संध्याकाळचं पोटभर जेवण होतं, उंच टेबलावर बसून खायचं, आणि 'आफ्टरनून टी' हा मोठ्या घरांतल्या बायकांचा दुपारचा नाजूक प्रकार. तर फोनवर शब्दावर जाऊ नका, ताटात काय काय येणार आणि किती येणार ते विचारा.

तिसरी ही जागा. ६५० माणशी, टॅक्स ५ टक्के वेगळा, म्हणजे ६८२ रुपये ५० पैसे. मी ७०० धरले, बसला १००, आणि १०० वरखर्च म्हणून. अर्धे पैसे आगाऊ, ४,५५० मी यूपीआयने भरले. संख्या आदल्या दिवशीपर्यंत कमी-जास्त केली तर चालेल असं त्यांनी फोनवर सांगितलं, ते मी मेसेजवर लिहून घेतलं. हे लिहून घेणं फार महत्त्वाचं आहे, चौदा जणींमध्ये एकीला तरी ऐनवेळी ताप येतोच, आणि तिचे ६५० मग कोणाच्या डोक्यावर?

तिथल्या फोन घेणाऱ्या मुलीला मी अंड्याचं विचारलं. आमच्या अर्ध्या जणी चातुर्मासात अंडं खात नाहीत, काही कधीच खात नाहीत, आणि असल्या स्टँडवर वरच्या मजल्यावर जे असतं त्यातलं बहुतेक अंड्याचंच. बेबिंक या गोव्याच्या थरांच्या गोडात तर अंड्यांच्या पिवळ्या बलकांशिवाय काही होतच नाही, बोलिन्या या खोबऱ्याच्या बिस्किटांतही अंडं असतं. बुधवारच निवडला कारण सोमवार-गुरुवार आमच्याकडे वाराचा प्रश्न, शनिवार-रविवारी तिथे पर्यटकांची गर्दी. त्या मुलीने आधी सांगितलं की मेनू फिक्स आहे. मग मी म्हटलं की आठ जणी वरचा मजला न खाता परत पाठवणार, म्हणजे आमचे पैसे वाया आणि तुमचा मालही वाया, तुम्हीच सांगा काय करायचं. अर्ध्या तासाने मालकीणबाईंचा स्वतःचा फोन आला. म्हणाल्या, बाय, आठ जणींना दोदोल आणि दोस देते, आणि पावसात तवशी आली आहेत तर तवसळी करते, चालेल? पैसे तेवढेच. (तवशी म्हणजे मोठ्या काकड्या, तवसळी त्यांचा गोड पदार्थ, दोदोल आणि दोस हेही बिनअंड्याचे गोड.) मी म्हटलं धावेल. तेव्हाच मला वाटलं की इथे जायला हरकत नाही.

प्रवासाचं सांगते. ट्रॅव्हलरवाल्याने जाऊन-येऊन ४,२०० सांगितले, म्हणजे माणशी ३००, आमच्या नऊशेतला तिसरा भाग नुसता गाडीला. कदंबा बसने गेलो, दोन्ही वेळचं मिळून शंभराच्या आत झालं. मळा-फोंतेनला जायचं असेल तर हे खरंच सोपं आहे, बस पाटोला, पणजीच्या बसस्टँडवर, थांबते, तिथून ओरे खाडीवरचा पूल चालत ओलांडला की समोरच जुनी रंगीत घरं दिसायला लागतात, गाडी लावायला जागा शोधत फिरायचं काम नाही. छत्र्या मात्र चांगल्या न्या, जोराचा पाऊस झाला की मळ्यात पाणी साचतं, आमच्या दोघींच्या साड्यांचे काठ घोट्यापर्यंत भिजले. बसमध्ये मी सगळ्यांना वाचून ठेवलेलं सांगत होते, की १८४० च्या आसपास बेडफर्डची डचेस ॲना म्हणून बाई होती, तिला दुपारी चार वाजता भूक लागायची कारण रात्रीचं जेवण आठला, म्हणून तिने खोलीत चहा आणि पाव-लोणी मागवायला सुरुवात केली, मग मैत्रिणींना बोलवायला लागली आणि त्याचीच पुढे पद्धत झाली. आणि त्याच्याही आधी इंग्लंडच्या दरबारात चहाची आवड नेली ती पोर्तुगालच्या राजकन्येने, ब्रागांझाच्या कॅथरीनने, १६६२ मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाशी तिचं लग्न झालं, तिच्याच हुंड्यात मुंबई इंग्रजांना मिळाली. आमच्या गटातल्या माई, वय त्र्याहत्तर, लगेच म्हणाल्या, म्हणजे चहा आपल्या बाजूनेच गेला की तिकडे. पोर्तुगीजमध्ये चहाला 'शा' म्हणतात, आपला चहा आणि तो शब्द एकाच चिनी घरातले, हेही सांगितलं, माईंना ते फार आवडलं, परत येईपर्यंत त्या 'शा, शा' करत होत्या.

पोचलो अडीचला, बुकिंग साडेतीनचं. पणजीत दुपारी एक ते साडेतीन बरीच दुकानं बंद असतात, हे गट नेताना लक्षात ठेवा, नाहीतर चौदा बायका पावसात कुठे उभ्या राहणार. आम्ही मुद्दाम लवकर आलो होतो, मळ्याच्या मारुतीला जायला. टेकडीवर पायऱ्या चढून जायचं, वरून खाली फोंतेनची कौलं दिसतात, पावसाने धुतलेली. तिथे बसून दोन अभंग म्हटले. मारुतीपुढे ठेवलं तेवढंच, बाकी याचा खर्च काही नाही, आणि खरं सांगायचं तर दिवसातला सगळ्यात छान अर्धा तास तोच होता, काहींना मात्र पायऱ्या जड गेल्या, माई खालीच थांबल्या एकीला सोबत घेऊन.

आता खाणं. लांब टेबल, पांढरा कपडा, काचेच्या बाटल्यांत जास्वंद. दोघींत एक स्टँड, सात स्टँड एका ओळीत आले तेव्हा सगळ्या क्षणभर गप्प झाल्या. स्टँड कसा खायचा तर खालून वर, आधी खारं, मग स्कोन, शेवटी गोड. खालच्या ताटलीत काकडीचं सँडविच, चटणी-चीजचं सँडविच, आणि एक छोटी भाजीची पॅटिस. काकडीचं सँडविच मी जवळून बघितलं, कारण आपण घरी करतो तेव्हा दहा मिनिटांत पाव ओला होतो. यांनी काकडी कागदासारखी पातळ कापून मीठ लावून पिळून घेतली होती, पावाला आतून लोणी शेवटच्या कडेपर्यंत लावलेलं, त्यामुळे पाणी पावात शिरत नाही, आणि कडा कापून बोटाएवढे तुकडे. अर्ध्या तासानेही तसंच कोरडं आणि थंडगार होतं. पॅटिस गरम होती, पदर सुटे होते, पण आतली भाजी जरा अळणी. मधल्या ताटलीत स्कोन, प्रत्येकीला एक, सोबत जॅम आणि घट्ट सायीसारखं क्रीम. स्कोन म्हणजे गोडसर, भुसभुशीत, बिस्किट आणि पाव यांच्या मधला प्रकार, सुरीने कापायचा नाही, हाताने मधोमध उघडायचा. गरम होता, उघडला तेव्हा वाफ आली. आमच्या शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणीने आधी नुसताच खाल्ला, मग जॅम लावून, मग म्हणाली हे आप्याच्या पात्रात होईल का? यावर दहा मिनिटं चर्चा.

वरची ताटली मात्र लक्षात राहील. अंडं चालणाऱ्या सहा जणींना बेबिंकची पट्टी, सात थरांची, कडा नीट खरपूस, आणि एक छोटी नाता, कस्टर्डची. आम्हा आठ जणींना दोदोल, चण्याच्या डाळीचा दोस आणि तवसळी. दोदोल माडाच्या गुळाचा होता, काळाभोर, दाताला न चिकटणारा. तवसळी अजून कोमट होती, हळदीच्या पानाचा वास, गूळ बेताचा, मधे तवशाचा कीस लागत होता. माईंनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या आमच्या माहेरची आहे ही. मालकीणबाई तेव्हा बाजूलाच उभ्या होत्या, त्यांनी माईंच्या पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं की हळदीचं पान त्यांच्या मागच्या अंगणातलं आहे, पावसात उगवतं. साडेसहाशेत फिक्स मेनू म्हणून सुरू झालेलं आणि आठ जणींसाठी वेगळं केलेलं, मनापासून केलेलं, हे कौतुक मला इथे करायचंच होतं.

चहाला मात्र मी पाचात अडीचच देईन. दोघींत एक किटली, त्यात तीन-साडेतीन कप. दार्जिलिंगची पानं, वेगळं दूध, वेगळी साखर. ज्यांना आवडतो त्यांना आवडेल, पण दूध थंड होतं, त्यामुळे कपात ओतलं की चहा कोमट, आणि बाहेर पाऊस, भिजलेली माणसं, त्यांना गरम चहा हवा असतो. माईंनी सरळ विचारलं, 'बाय, आल्याची च्या मेळटली?' मिळाली, आतल्या मुलाने तीन किटल्या उकळून आणल्या, आलं ठेचून घातलेला, तोंड भाजेल असा, आणि तो चहा सगळ्यांनी प्यायला. पण त्या तीन किटल्यांचे प्रत्येकी १२० वेगळे लागले. ते लागणार हे कोणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही, चहाच्या पॅकेजमध्ये चहा वेगळा पडेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पाण्याच्या बाटल्याही तशाच, आम्ही बसलो तेव्हा सहा बाटल्या आधीच टेबलावर होत्या, उघडून ग्लासात ओतल्याही, ७० ला एक. हॉटेलला बाटली छापील किमतीपेक्षा जास्त लावता येते, सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये तसं म्हटलं आहे, त्यामुळे भांडून उपयोग नाही, बसल्या बसल्याच 'बाटल्या काढा, साधं पाणी आणा' म्हणायला हवं होतं.

आता बिल, आकड्यांसकट. चौदाचे ९,१००, चहाच्या किटल्या ३६०, पाणी ४२०, झाले ९,८८०. त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज ९८८. त्या सगळ्यावर ५ टक्के टॅक्स, म्हणजे सर्व्हिस चार्जवरही टॅक्स. एकूण ११,४११. फोनवरच्या साडेसहाशेचे इथे माणशी ८१५ झाले होते.

सर्व्हिस चार्जबद्दल मला माहीत होतं म्हणून बरं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ लाच सांगितलं आहे की हॉटेल-रेस्टॉरंटने सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही, आणि दिल्ली हायकोर्टाने २८ मार्च २०२५ ला ते कायम केलं. ग्राहकाला द्यायचा असेल तर त्याने आपणहून द्यावा. मी बिल घेऊन काउंटरवर गेले, टेबलावर बोलले नाही, कारण चौदा जणींच्या समोर पैशांचं बोलणं काढलं की पाचशेवालीच्या जिवाला आधी लागतं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला सिस्टिममध्येच आहे मॅडम, सगळ्यांना लागतो. मी तारीख सांगितली आणि शांतपणे म्हटलं, हा काढून द्या, तुमच्या मुलांना आम्ही हातात देणार आहोत. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर मी फोनवर उघडून ठेवला होता, पण लावायची वेळ आली नाही. मालकीणबाई आल्या, त्यांनी बघितलं, काढायला सांगितलं, माफीही मागितली. नवीन बिल १०,३७४, माणशी ७४१. एका ओळीने १,०३७ रुपये वाचले, म्हणजे आमच्या दोन जणींच्या वर्गणीपेक्षा जास्त. आल्याचा चहा उकळणारा मुलगा आणि वाढणारी मुलगी, दोघांना अडीचशे-अडीचशे हातात दिले. त्या मुलीला मी विचारलं की सर्व्हिस चार्ज तुम्हाला मिळतो का, ती नुसती हसली.

पुढचा हिशोब: १०,३७४ बिल, ५०० त्या दोघांचे, बस आणि मारुतीला ठेवलेले मिळून १,२६०. झाले १२,१३४. उरले ४६६, फंडात परत जमा. वहीतलं पान आणि बिलाचा फोटो त्याच रात्री ग्रुपवर टाकला, फक्त 'माणशी ७४१ अधिक बस' एवढंच, कोणी किती चिठ्ठीत लिहिलं वगैरे काही नाही. चिठ्ठ्या मी घरी चुलीत घातल्या.

७४१ ला हे खाणं महाग की स्वस्त? पणजीत आमचा नेहमीचा चहा म्हणजे कॅफे भोसले नाहीतर कॅफे तातो, भोसले १९२० चं, तातो त्याहून जुनं, १९१३ चं. तिथे पातळ भाजी, सुकी भाजी, पाव, एक मिरची भजी आणि कपभर कडक चहा, पोट भरतं आणि माणशी खर्च याच्या कितीतरी खाली राहतो. नुसतं खाण्यासाठी जायचं तर मी तिथेच जाईन, आणि पाचशेही फार होतील. पण तिथे चौदा जणी एका टेबलावर दोन तास बसू शकत नाहीत, मागे माणसं उभी असतात, खाल्लं की उठायचं ही तिथली रीत आहे आणि ती बरोबरच आहे. इथे आम्हाला दोन तास कोणी उठवलं नाही. सहा वाजेपर्यंत बसलो, शेवटी खुर्च्या बाजूला सारून मागच्या व्हरांड्यात एक फुगडीही घातली, आतली मुलं बघायला बाहेर आली. घरी ज्यांना दिवसभर कोणी बसू देत नाही त्या बायका दोन तास बसल्या, दुसऱ्याने केलेलं खाल्लं, उष्टं उचललं नाही. माझ्या मते वरचे पैसे त्याचे आहेत आणि ते वर्षातून एकदा द्यायला हरकत नाही, फक्त ते कोणाच्या आठवड्याच्या बाजारातून यायला नकोत.

परत गेले तर काय बदलेन तेही लिहिते. फोनवर एकच प्रश्न तीन वेळा विचारेन: सगळं धरून, टॅक्स धरून, चहा परत मागितला तरी, पाणी धरून, शेवटी हातात किती? आणि उत्तर मेसेजवर मागेन. दार्जिलिंगच्या सात किटल्यांऐवजी चार तसल्या आणि तीन आल्याच्या, असं आधीच सांगेन. खाणं चौदा जणींना जास्त झालं, चार-पाच स्कोन आणि बरीचशी सँडविचं उरली, आम्ही डबे नेले होते म्हणून ती घरच्या मुलांना मिळाली, तर डबे न्याच, लाजायचं काही नाही. मधुमेहवाल्या तीन जणी होत्या, त्यांना वरच्या मजल्याऐवजी आणखी एक पॅटिस मिळाली असती तर बरं झालं असतं, ते मला आधी सुचायला हवं होतं.

खाण्याला साडेचार, चहाला अडीच, माणसांना पाच, पहिल्या बिलाला एक आणि दुसऱ्याला चार. बुकिंग करताना मागच्या व्हरांड्याजवळचं टेबल मागा, पुढच्या खिडकीतून पावसाचं पाणी आत येतं, आमच्या एकीच्या पर्सखाली थारोळं झालं होतं. आणि न्हाणीघर दोन पायऱ्या खाली आहे, कठडा नाही, गुडघे दुखणारं कोणी असेल तर सोबत एकीने जा.